जेवणाआधीचा पेला

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांतून एकच विषय निरनिराळ्या रूपांत डोकावला आहे. एका घरी मुलगा व्यायामशाळेत जातो. त्याने प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणला आहे आणि ‘जेवणाआधी अर्धा तास एक पेला घ्या, भूक निम्मी होईल’ असे तो वडिलांना सांगतो. वडील दिवसभर गादीवर बसणारे, पन्नाशी ओलांडलेले, मधुमेहाची गोळी घेणारे. दुसऱ्या घरी सासूबाईंचे जेवण दिवसेंदिवस कमी होत चालले आहे, म्हणून सूनबाई त्यांना ताट वाढण्याच्या जरा आधी तीच पावडर दुधातून देतात. मग सासूबाई दोन घास खाऊन उठतात. एका घराला भूक कमी करावयाची आहे, दुसऱ्याला पोषण वाढवावयाचे आहे, आणि दोघांच्या हाती डबा एकच आहे. त्यामुळे हे पेय पोटात गेल्यावर काय घडते, हे नीट पाहणे आवश्यक आहे.

शास्त्रज्ञ याचा अभ्यास ज्या रीतीने करतात ती साधी आहे. स्वयंसेवकास ठरावीक उष्मांकांचे पेय द्यावयाचे, ठरावीक वेळ थांबावयाचे, मग समोर भरपूर अन्न ठेवून ‘हवे तेवढे खा’ म्हणावयाचे, आणि त्याने किती खाल्ले ते गुपचूप मोजावयाचे. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला दुसरे पेय. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अशा एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या १९ पुरुषांना चार वेगवेगळ्या दिवशी चार पेये देण्यात आली. दोन पेयांत दुधातील प्रथिने, एकात दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज, एकात ग्लुकोज होते आणि चौघांचे उष्मांक जवळपास सारखे होते. तीन तासांनी जेवण वाढले. ग्लुकोज घेतलेल्या दिवशी ही मंडळी इतर तीन दिवसांच्या तुलनेत सुमारे दहा टक्के जास्त जेवली. यातील लॅक्टोजचा निष्कर्ष मला विशेष महत्त्वाचा वाटतो. तीही साखरच, पण तिचा परिणाम प्रथिनांसारखा निघाला. तेव्हा ‘प्रथिने चांगली, कर्बोदके वाईट’ असे सरसकट विधान करणाऱ्यांनी जरा थांबावे.

दुधातील प्रथिनांचेही दोन प्रकार आहेत. गायीच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ऐंशी टक्के केसीन आणि वीस टक्के व्हे. केसीन जठरातील आम्लात साकळते, त्याचा दह्यासारखा गोळा होतो आणि ते सावकाश पुढे सरकते. व्हे पातळच राहते, लवकर आतड्यात उतरते आणि रक्तातील अमिनो आम्लांची पातळी झपाट्याने वाढवते. इंग्लंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४८ ग्रॅम प्रथिनांचे पेय देऊन दीड तासाने जेवण दिले, तेव्हा केसीनपेक्षा व्हे घेतल्यावर लोक कमी जेवले. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात मात्र तीन तासांनी दोन्ही प्रथिनांत फरक उरला नव्हता. यात विरोध नाही. वेळ बदलली की उत्तरही बदलते. टोरंटो येथील संशोधकांनी २०१० साली मात्रेचा प्रश्न घेतला. तरुण स्वयंसेवकांना जेवणाआधी अर्धा तास १० ते ४० ग्रॅम व्हे दिले. जेवण कमी झाले ते २० ग्रॅमपासून पुढे. मात्र जेवणानंतरची रक्तशर्करा १० ग्रॅमनेही कमी राहिली. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हे घडते कसे? भूक लागल्याचा संदेश देणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक जठराच्या अस्तरातून स्रवते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधून काढले. काही खाल्ले की त्याची पातळी उतरते. ग्लुकोजने ती उतरते, परंतु लवकरच पुन्हा चढते. प्रथिनांनी ती अधिक काळ खाली राहते. शिवाय प्रथिने लहान आतड्यात पोहोचली की तेथून कोलेसिस्टोकायनिन आणि जीएलपी-१ ही संप्रेरके स्रवतात. ती जठराचे दार जणू अर्धवट लोटून घेतात, अन्न हळूहळू पुढे सुटते आणि तृप्तीचा निरोप मेंदूकडे जातो. आज वजन उतरविण्यासाठी ज्या इंजेक्शनांची एवढी चर्चा आहे ती याच जीएलपी-१ची नक्कल करतात. अर्थात औषधाचा परिणाम दिवसचे दिवस टिकतो, पेल्याचा दोन-तीन तास. दोहोंची बरोबरी करणाऱ्या जाहिरातींकडे दुर्लक्ष करावे.

आता दुकानाकडे वळू. आपल्या व्यापारी घरांत ‘जेवणाआधीचे पेय’ ही काही नवी वस्तू नव्हे. गिऱ्हाईक आले की चहा, व्यापारी आला की चहा, दलाल आला की पुन्हा चहा. उन्हाळ्यात उसाचा रस किंवा थंड पेयाची बाटली. एका कपात दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत सुमारे ५० ग्रॅम साखर, म्हणजे दोनशे कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची जी इष्ट मर्यादा सांगितली आहे, तिच्या दुप्पट साखर केवळ चहातून झाली. एवढे पोटात गेल्यावर संध्याकाळचे जेवण तेवढे कमी होते का? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २००० साली झालेला एक छोटासा अभ्यास येथे बोलका आहे. पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी साखरेच्या गोळ्यांच्या रूपात दिल्या, आणि आणखी चार आठवडे तेवढ्याच कॅलरी गोड पेयाच्या रूपात. गोळ्या खाल्ल्या त्या काळात लोकांनी नकळत इतर आहार तेवढा घटवला. पेयाच्या काळात मात्र काहीच घटवले नाही, आणि वजन वाढले. चावून खाल्लेल्या साखरेची नोंद शरीराच्या वहीत होते. प्यालेल्या गोड पाण्याची बहुतेक होतच नाही. जमाखर्च लिहिणाऱ्याला अशा नोंदीविना गेलेल्या खर्चाचे महत्त्व सांगावयास नको. म्हणूनच मधुमेही गृहस्थांनी प्रथिनांचा डबा उघडण्याआधी दुकानातील चहाची साखर बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला पैसा लागत नाही.

पेय पातळ की दाट, हाही मुद्दा त्यातलाच. पेनसिल्व्हेनिया येथील संशोधकांनी १९९९ साली एकच अन्न तीन प्रकारे दिले: नुसते घट्ट, घट्ट अन्न व सोबत पेलाभर पाणी, आणि तेच पाणी त्यात मिसळून शिजवलेले सूप. सूप घेतलेल्या स्त्रियांनी नंतरच्या जेवणात सुमारे शंभर कॅलरी कमी घेतल्या. सोबत नुसते पाणी पिण्याने तसे झाले नाही. आपल्या घरची दाट मुगाची आमटी, मुगाचे कढण किंवा दुधीचे सार ताटाच्या आरंभी घेण्याचा लाभ येथून ध्यानात येतो.

तथापि आपल्या पेयांत प्रथिने किती, हे प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. पेलाभर पातळ ताकात जेमतेम दीड-दोन ग्रॅम. दोनशे मिलीलिटर गायीच्या दुधात सहा-साडेसहा. तीस ग्रॅम भाजक्या चण्याच्या सातूत साधारण तेवढीच. तीस ग्रॅम मूगडाळीत सुमारे सात. पण ती डाळ पेल्यात उतरली तर. पारण्याला आपण मुगाचे जे वरचे नितळ पाणी देतो, त्यात प्रथिने नाममात्र असतात, डाळ तळाशीच राहते. पारण्यासाठी ते योग्यच आहे, कारण तेथे पोटाला हळूहळू जागे करावयाचे असते. परंतु रोजच्या वापरात ‘मुगाचे पाणी प्याले म्हणजे प्रथिने मिळाली’ हा गैरसमज फार घरांत आहे. काही भगिनी चक्क्याचे किंवा पनीरचे गळलेले पाणी ‘हेच तर व्हे’ म्हणून देतात. नाव बरोबर, पण शंभर मिलीलिटरमध्ये एक ग्रॅमही प्रथिने नसतात. ते पाणी कणीक मळण्यास उत्तम. वीस ग्रॅमचा आकडा गाठावयाचा तर ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम डाळ लागेल. तो पेला राहत नाही, ते जेवणच होते. तेव्हा घरगुती पेयाने भूक निम्मी होईल अशी आशा धरू नये. मात्र जेवणानंतरची साखर आवरण्यास थोडी प्रथिनेही उपयोगी पडू शकतात, हे टोरंटोच्या दुसऱ्या आकड्यावरून दिसते.

आपल्या आचाराच्या अंगाने दोन गोष्टी येथेच सांगावयास हव्यात, कारण बाजारातील सल्लागारांना त्या ठाऊक नसतात. पहिली द्विदलाची. चण्याचे सातू ताकात कालवून प्यावे असा सल्ला सर्रास दिला जातो. कच्च्या गोरसात कडधान्य मिसळणे आपल्याकडे वर्ज्य आहे, हे विसरून चालणार नाही. हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या प्रथिनांच्या पावडरीलाही हाच नियम लागतो. ती न तापविलेल्या दुधात वा ताकात घालू नये, उकळून निवविलेल्या पाण्यात घ्यावी. दुसरी गोष्ट एकासणा-बियासणाची. अर्धा तास आधी पेला घ्यावयाचा आणि मग जेवावयास बसावयाचे, हे एकासण्याच्या दिवशी शक्यच नाही, कारण पेल्यानेच बैठक झाली. त्या दिवशी बैठकीतला क्रम बदलावा. आरंभी दाट वरण व भाजी सावकाश संपवावी, त्यानंतर भाकरी-पोळी, आणि भात व गोड अगदी शेवटी. मधुमेही माणसांवर झालेल्या अभ्यासांत प्रथिने व भाज्या आधी आणि पिष्टमय पदार्थ नंतर घेतल्यास जेवणानंतरची साखर लक्षणीय कमी चढते असे आढळले आहे. पंगतीत मिष्टान्नाने आरंभ करण्याची आपली हौस मधुमेह्यांनी आवरलेली बरी.

मधुमेह्यांच्या बाबतीत पेयाचा उपयोग मुख्यतः साखरेसाठी आहे, भुकेसाठी नंतर. इस्रायलमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंधरा मधुमेह्यांना, साखर झपाट्याने चढविणाऱ्या न्याहारीच्या आधी ५० ग्रॅम व्हे पाण्यातून दिले. पुढच्या तीन तासांतील रक्तशर्करा सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिली. इन्सुलिन लवकर स्रवले. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. पण ५० ग्रॅम ही मात्रा मोठी आहे, आणि हा एका न्याहारीचा हिशेब आहे, वर्षाचा नव्हे.

आणि येथेच एक धोका आहे, त्याविषयी मला जरा विस्ताराने लिहावेसे वाटते. चौविहार पाळणाऱ्या गृहस्थाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुकानातून घाईघाईने घरी येऊन साडेपाचला ते ताटावर बसतात. जेवणाआधी त्यांची ग्लिमेपिराइडसारखी गोळी असते, काहींचे इन्सुलिन असते. गोळीची मात्रा डॉक्टरांनी नेहमीच्या जेवणाला धरून ठरविलेली. आता पाच वाजता त्यांनी प्रथिनांचा पेला घेतला, भूक मंदावली, नेहमीच्या तीन पोळ्यांऐवजी एकच खाल्ली. गोळी मात्र पूर्वीचीच. त्यानंतर नवकारशीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत, अन्न-पाणी काहीच नाही. थंडीच्या दिवसांत हे अंतर साडेतेरा तासांच्या आसपास जाते. मध्यरात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप, असंबद्ध बोलणे, झोपेतून नीट जागे न होणे ही तिची लक्षणे. घरच्यांना वाटते, थकले आहेत, झोपू द्यावे. तसे करू नये. शुद्धीत असतील तर तत्काळ साखरेचे पाणी द्यावे, शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. पच्चक्खाणातही आगार असतात. आपल्या प्रसंगी काय करावे हे गुरुमहाराजांना आधीच विचारून ठेवावे, मध्यरात्री विचार करीत बसण्याची वेळ येऊ नये. आणि पेला सुरू करण्याआधी डॉक्टरांना दोनच वाक्ये सांगावीत: ‘मी चौविहार करतो’ आणि ‘मी जेवणाआधी प्रथिने घेणार आहे.’ बहुतेक डॉक्टरांना पहिले वाक्य आपण कधी सांगितलेलेच नसते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका पुष्कळच कमी असतो, तरी विचारण्यास हरकत नाही. त्याच भेटीत क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडे थकलेली असतील तर जादा प्रथिने हितावह नाहीत, आणि जुन्या मधुमेहात मूत्रपिंडे बिनबोभाट थकतात.

सासूबाईंचा प्रश्न उलट आहे, आणि त्याचे उत्तर सोपे आहे: पेला द्यावा, पण जेवणाच्या तोंडावर देऊ नये. ॲडिलेडच्या संशोधकांना असे आढळले आहे की वृद्ध पुरुषांत व्हेच्या पेयाने पुढचे जेवण तरुणांइतके घटत नाही. म्हणजे त्यांच्या एकूण आहारात भर पडू शकते. तरीही आपल्या घरची वडीलधारी आधीच चिमणीएवढे खात असतील तर त्यांच्या भुकेची वेळ वाया घालवू नये. सकाळी दहा-साडेदहाला किंवा दुपारी जेवणानंतर दोन-अडीच तासांनी दूध, खीर, दाट कढण द्यावे. ताटात पहिले दोन घास डाळीचे किंवा पनीरचे असावेत. वयपरत्वे स्नायू झिजतात, उठता-बसता आधार लागतो, पडण्याची भीती वाढते. या वयात भूक कमी करणारी कोणतीही युक्ती अपायकारकच. बियासणे करणाऱ्या वृद्ध श्राविकांनी दोन्ही बैठकांत प्रथिनांचा पदार्थ असेल याची काळजी घ्यावी.

मग वजन उतरते की नाही? अमेरिकेत झालेल्या २३ आठवड्यांच्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या व्यक्तींनी रोज ५६ ग्रॅम व्हे घेतले. तेवढ्याच उष्मांकांची कर्बोदके घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे वजन अखेरीस १.८ किलोने कमी होते. सोयाच्या प्रथिनांनी तेवढा फरक पडला नाही. सहा महिन्यांच्या आसपासचा काळ आणि पावणेदोन-दोन किलोचा फरक, हे यश आहे, पण जाहिरातीएवढे नाही. दुसरीकडे व्हर्जिनियातील संशोधकांनी प्रौढ व वृद्धांना प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा लिटर साधे पाणी देऊन पाहिले. बारा आठवड्यांत पाणी घेणाऱ्यांचे वजन केवळ मिताहार करणाऱ्यांपेक्षा सुमारे दोन किलो अधिक उतरले. तरुणांत पाण्याचा असा परिणाम दिसत नाही, कारण त्यांचे जठर पाणी लवकर रिते करते. उकळलेले पाणी प्रत्येक जैन घरात असतेच. पन्नाशीच्या गृहस्थांनी आधी तेच करून पाहावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र एकदम अर्धा लिटर पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

काही मंडळी या पेल्याला ऊनोदरीचे साधन म्हणू लागली आहेत, ते मला पटत नाही. बाह्य तपांत अनशनानंतर ऊनोदरीचे स्थान आहे. पुरुषाचा आहार बत्तीस घास आणि स्त्रीचा अठ्ठावीस घास मानून त्याहून कमी घेण्याची ती परंपरा. तेथे भूक असते, तिची जाणीव असते, आणि तरीही हात थांबतो. भूक आधीच मारून टाकल्यावर थांबण्यासारखे काय उरले? आरोग्यासाठी पेला अवश्य घ्यावा. त्याला तपाचे नाव देण्याचे कारण नाही.

डबा विकत घ्यावयाचाच असेल तर वेष्टनावरील बारीक अक्षरे दुकानात उभे राहून वाचावीत. हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये. शासनाच्या व्याख्येत मध हा मांसाहारी पदार्थांतून वगळलेला आहे, त्यामुळे मध घातलेल्या वस्तूवरही हिरवाच ठिपका येतो. कांदा, लसूण, बटाटा यांची तर गोष्टच वेगळी. माल्टोडेक्स्ट्रिन हा पदार्थ मक्यापासून होतो तसा बटाट्याच्या पिठापासूनही होतो. व्हे हे चीज करताना उरणारे पाणी. भारतात चीजसाठी प्राणिजन्य रेनेट चालत नाही, परंतु परदेशात ते काही ठिकाणी वापरले जाते आणि पावडर पुष्कळदा आयात होते. कोलॅजन असलेला डबा तर उचलूच नये, ते प्राण्यांच्या कातडी-हाडांतून किंवा माशांतून काढतात. जीवनसत्त्व डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून बनते. ते घ्यावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे, पण ठाऊक असावे. त्यानंतर शंभर ग्रॅममागे प्रथिने किती आणि साखर किती, हे दोन आकडे पाहावेत. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, दुधात घालावयाच्या बहुतेक पावडरी प्रामुख्याने माल्ट व साखरेच्या असतात; २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले, ते उगाच नव्हे. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेनेही शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचा सल्ला दिला आहे. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. डाळ, दूध, दही, पनीर असलेल्या ताटातून ती मिळू शकतात. रेनेटचा उगम वेष्टनावर लिहिलेला नसेल तर उत्पादकाला पत्र लिहून विचारावे, आणि लेखी उत्तर येईपर्यंत डबा घरात आणू नये.